कुंपण नसलेली बाग : डेरेक जार्मन आणि 'निसर्गविरुद्ध' या शब्दाचा विचार

परसातील पपईचे झाड सर्वांच्या ओळखीचे आहे. त्याच्या फुलांकडे मात्र क्वचितच कोणी लक्षपूर्वक पाहतो. पपईची काही झाडे नर असतात, काही मादी असतात आणि काही झाडांच्या एकाच फुलात दोन्ही अंगे असतात. या तिसऱ्या प्रकारच्या झाडाची गंमत अशी की, कडक उन्हाळ्यात त्याच्या फुलांतील बीजांडकोश खुरटतो आणि ते झाड नरासारखे वागू लागते. हवा थंडावली की तेच झाड पुन्हा फळ धरते. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात काही वावगे वाटत नाही, माळ्यालाही वाटत नाही. 'हे झाड निसर्गविरुद्ध वागते' अशी तक्रार करणारा माळी कोणाच्या पाहण्यात नसेल.

माणसाच्या बाबतीत मात्र हाच शब्द आपण किती सहज वापरतो! १८६० साली तयार झालेल्या भारतीय दंडविधानाच्या ३७७ व्या कलमात 'निसर्गाच्या क्रमाविरुद्ध' असणाऱ्या शरीरसंबंधास शिक्षा सांगितली होती. कोणता संबंध निसर्गाच्या क्रमात बसतो आणि कोणता बसत नाही, याची व्याख्या त्या कलमात नव्हती. ती गृहीत धरलेली होती. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या खाजगी संबंधांना या कलमाच्या कक्षेतून वगळले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच राहिले नाही. कायद्यातून शब्द गेला. बोलण्यातून तो गेला आहे असे म्हणवत नाही.

हा शब्द आपल्याकडे इंग्रजांच्या कायद्याबरोबर आला. त्या कायद्याची मुळे इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, १५३३ सालापर्यंत जातात. ज्या देशातून तो आला त्याच देशातील एका कलावंताने विसाव्या शतकाच्या अखेरीस एक लहानशी बाग केली आणि 'नैसर्गिक' म्हणजे काय, हा प्रश्न लोकांपुढे नव्याने उभा राहिला. त्या बागेचा परिचय करून देणे आणि आजच्या हवामानबदलाच्या काळात ती आपल्याला काय सांगते याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कलावंत आणि त्याचा काळ

डेरेक जार्मन यांचा जन्म ३१ जानेवारी १९४२ रोजी झाला. वडील वैमानिक दलात होते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये आणि नंतर स्लेड या प्रसिद्ध कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. मूळचे ते चित्रकार; पुढे नेपथ्यकार, चित्रपट-दिग्दर्शक आणि लेखक म्हणून त्यांनी नाव मिळवले. 'सेबॅस्टियान' (१९७६) हा संपूर्ण लॅटिन संवादांचा चित्रपट, 'जुबिली' (१९७८), 'कॅराव्हॅज्जो' (१९८६), 'द गार्डन' (१९९०) हे त्यांचे काही उल्लेखनीय चित्रपट होत. इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत पुरुषांमधील समलिंगी संबंध हा गुन्हा होता. म्हणजे जार्मन पंचवीस वर्षांचे होईपर्यंत त्यांचे प्रेम कायद्याच्या दृष्टीने अपराध होते. त्या वर्षी कायदा सैल झाला तोही अर्धवट. संमतीचे वय स्त्री-पुरुषांच्या संबंधांसाठी सोळा आणि पुरुषा-पुरुषांसाठी एकवीस, असा भेद कायम राहिला.

२२ डिसेंबर १९८६ रोजी जार्मन यांना एच. आय. व्ही. ची लागण झाल्याचे निदान झाले. त्या काळी हे निदान म्हणजे मृत्यूचीच सूचना होती. त्यांनी ती लपवली नाही. थोड्याच दिवसांत जाहीरपणे सांगितली. नामवंत व्यक्तीने असे उघड सांगणे तेव्हा अत्यंत दुर्मिळ होते. रोगाच्या भीतीबरोबर समाजात तिरस्कार वाढत होता आणि 'निसर्गाने दिलेली शिक्षा' अशी भाषाही ऐकू येत होती.

याच सुमारास त्यांनी वडिलांच्या पश्चात मिळालेल्या पैशातून बत्तीस हजार पौंडांना एक जुनी कोळ्याची झोपडीवजा लाकडी घरकुली विकत घेतली. तिचे नाव 'प्रॉस्पेक्ट कॉटेज'. भिंती डांबराने काळ्या केलेल्या आणि खिडक्यांच्या चौकटी झगझगीत पिवळ्या. हे घर आहे केंट परगण्याच्या दक्षिण टोकाला, डंजनेस येथे.

गोट्यांवरची बाग

डंजनेसचा किनारा आपल्या कोकणातल्यासारखा वाळूचा नाही. समुद्राने हजारो वर्षे आणून टाकलेल्या गारगोटीच्या गोट्यांचा तो अफाट पसारा आहे. युरोपातील अशा मोठ्या पसाऱ्यांपैकी एक. माती जवळजवळ नाहीच. पाऊस पडला की पाणी गोट्यांतून झिरपून जाते. खारा वारा अष्टौप्रहर वाहतो. लोक या जागेला 'इंग्लंडचे एकमेव वाळवंट' म्हणतात. हवामानखात्याच्या मोजमापाप्रमाणे ते खरे नाही, पण पाहणाऱ्याला तसे वाटावे अशीच ती भूमी आहे. भरीस भर म्हणजे घरापासून काही अंतरावर दोन अणुवीजकेंद्रे उभी आहेत. त्यांपैकी पहिले १९६५ साली आणि दुसरे १९८३ साली वीज देऊ लागले. जार्मन तेथे राहत असताना रात्रभर त्या केंद्रांचे दिवे लखलखत आणि यंत्रांचा घुमारा ऐकू येई.

अशा ठिकाणी बाग होईल असे कोणालाही वाटले नव्हते. सुरुवातीला जार्मन यांचाही तसा बेत नव्हता. किनाऱ्यावर फिरताना ते लांबट गोटे, भोके पडलेले दगड, समुद्राने वाहून आणलेले ओंडके, गंजलेल्या साखळ्या वेचून आणीत. एक रानगुलाबाचे रोप लावले आणि त्याला आधार म्हणून असाच एक ओंडका रोवला. तेथून बाग वाढू लागली. गोटे उकरून खड्डा करायचा, त्यात जवळच्या शेतातून आणलेले खत भरायचे, रोप लावायचे आणि पुन्हा गोट्यांनी झाकून टाकायचे, अशी पद्धत. लव्हेंडर, सँटोलिना, फॉक्सग्लोव्ह, पॉपी, रानगुलाब अशी बाहेरून आणलेली झाडे एकीकडे, आणि दुसरीकडे त्या किनाऱ्याची स्वतःची झाडे. त्यांत 'सी-केल' ही कोबीच्या कुळातील वनस्पती विशेष लक्षात राहण्यासारखी आहे. तिची मुळे गोट्यांतून खोलवर उतरतात, जाड पाने खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाहीत, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तिला मधासारख्या वासाची पांढरी फुले येतात. तिची फळे समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरवर जाऊन रुजतात.

या बागेला कुंपण नाही. बाग कोठे संपते आणि किनारा कोठे सुरू होतो, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. लावलेले झाड आणि आपोआप उगवलेले झाड शेजारी शेजारी उभे असते. गंजके लोखंड आणि फुललेली पॉपी यांतही उच्चनीचभाव नाही. आणि या सर्वांच्या पाठीमागे अणुवीजकेंद्राची प्रचंड चौकोनी इमारत. जार्मन यांनी ती नजरेआड करण्यासाठी झाडांची भिंत उभी केली नाही. त्यांनी लिहिलेल्या रोजनिशीचे नावच 'मॉडर्न नेचर', म्हणजे 'आधुनिक निसर्ग' असे आहे. १ जानेवारी १९८९ पासून सुरू होणारी ही रोजनिशी १९९१ साली प्रसिद्ध झाली. आज कोणते फूल उमलले, वारा कसा होता, वनस्पतींच्या जुन्या ग्रंथांत त्या फुलाविषयी काय समजुती आहेत, ह्या नोंदी आणि त्यांच्याच लगत मित्रांच्या मृत्यूच्या वार्ता, स्वतःच्या तापाच्या रात्री, रुग्णालयातील दिवस. दोन्ही विषयांना एकच शाई आणि एकच पान.

'क्वीअर' पर्यावरणविचार म्हणजे काय ?

इंग्रजीतील 'क्वीअर' या शब्दाचा मूळ अर्थ विचित्र, चमत्कारिक असा. समलिंगी आणि रूढ लिंगभेदाच्या चौकटीत न बसणाऱ्या लोकांना हिणवण्यासाठी तो शिवीसारखा वापरला जाई. १९८० च्या दशकाच्या शेवटी या लोकांनी ती शिवीच स्वतःचे नाव म्हणून स्वीकारली. जार्मनही स्वतःविषयी हा शब्द अभिमानाने वापरीत. पुढे या दृष्टीतून निसर्गाचा विचार करणारी एक अभ्यासशाखा उदयास आली. २०१० साली कॅट्रिओना सँडिलँड्स आणि ब्रूस एरिक्सन यांनी संपादित केलेला 'क्वीअर इकॉलॉजीज' हा लेखसंग्रह या शाखेतील महत्त्वाचा ग्रंथ मानला जातो. सँडिलँड्स यांनी त्यात जार्मन यांच्या लेखनाचा आणि बागेचा विचार केला आहे.

या विचाराची दोन अंगे आहेत. पहिले अंग शास्त्रीय निरीक्षणाचे. निसर्गात लिंग आणि प्रजनन यांचे प्रकार आपण शाळेत शिकतो त्याहून कितीतरी अधिक आहेत. पपईचे उदाहरण वर आलेच. प्रवाळांत राहणारा क्लाउनफिश हा मासा नर म्हणून वाढतो. कळपातील मादी मेली की सर्वांत मोठा नर मादी होतो. समुद्री कासवाच्या अंड्यातून नर निघेल की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू जास्त तापली की माद्या अधिक. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळबेटांच्या उत्तर भागातील हिरव्या कासवांच्या पिलांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. आपल्या वेळासच्या आणि गोव्यातील मोरजी-गालजीबागच्या किनाऱ्यांवर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांनाही हाच नियम लागू आहे. तेव्हा हवामानबदल हा एक विषय आणि लिंगभेद हा दुसरा, असे कप्पे करता येत नाहीत. पृथ्वी तापते तेव्हा कासवांच्या पुढच्या पिढीची घडणच बदलते.

दुसरे अंग विचाराच्या शिस्तीचे आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. क्लाउनफिश लिंग बदलतो म्हणून माणसाचे अमुक वर्तन योग्य, असा युक्तिवाद काही जण करतात. तो टिकणारा नाही. निसर्गात पिलांना खाणारे प्राणीही आहेत. त्यावरून आपण नीती ठरवीत नाही. निसर्ग एखाद्याच्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा करता येत नसेल, तर तो विरुद्ध बाजूचा साक्षीदार म्हणूनही उभा करता येणार नाही, एवढेच यातून सिद्ध होते. 'निसर्गविरुद्ध' हा निवाडा माणसांनी दिलेला असतो. निसर्गाची त्यावर फक्त खोटी सही असते. ही सही ओळखण्यास शिकणे हे या अभ्यासाचे खरे फळ होय.

१९८८ : एकाच वर्षातील दोन गोष्टी

हा मुद्दा इतिहासातील एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १९८८ च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये 'कलम २८' अंमलात आले. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा 'प्रसार' करू नये, आणि सरकारी शाळांतून अशा नात्याला कुटुंबाचा दर्जा असल्याचे शिकवू नये, असे ते कलम होते. त्यात अशा कुटुंबाला 'नकली' ठरवणारा शब्द वापरला होता. जार्मन या कलमाच्या विरोधात उघडपणे उभे राहिले. इंग्लंडमध्ये हे कलम २००३ साली रद्द झाले.

त्याच वर्षी २७ सप्टेंबरला त्याच सरकारच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी रॉयल सोसायटीपुढे भाषण करताना, माणसाने नकळत पृथ्वीच्या सबंध व्यवस्थेवरच एक प्रचंड प्रयोग आरंभला असावा, अशी चिंता व्यक्त केली. हवामानबदलाकडे लक्ष वेधणाऱ्या जगातील पहिल्या काही मोठ्या राजकीय नेत्यांत त्यांची गणना होते, ती या भाषणामुळे. याच वर्षी हवामानबदलाचा अभ्यास करणारे आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले.

एका हाताने निसर्ग वाचवण्याची भाषा आणि दुसऱ्या हाताने काही माणसांना निसर्गाबाहेर ढकलणे, ही विसंगती आहे खरी. पण ती अपघाताने घडलेली नाही. 'निसर्ग' म्हणजे शुद्ध, निर्मळ, ठरलेल्या चाकोरीत चालणारा असा आपला समज असला की त्यात न बसणारे सारे काही मळ वाटू लागते. मग ती माणसे असोत वा जमिनी असोत. डंजनेसची जमीन ओसाड समजली गेली म्हणूनच तेथे अणुवीजकेंद्र आले असे म्हटल्यास फारसे वावगे ठरणार नाही. प्रत्यक्षात त्या 'ओसाड' टापूत सुमारे सहाशे जातींच्या वनस्पती आढळतात. ब्रिटनमधील एकूण जातींच्या त्या जवळजवळ एक तृतीयांश होत. आपल्या सह्याद्रीवरील जांभ्या दगडाचे सडे सरकारी दप्तरांत पुष्कळदा 'पडीक' म्हणून लिहिले जातात. आणि पावसाळ्यात त्याच सड्यांवर सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती फुलतात. कासचे पठार २०१२ साली जागतिक वारशात गेले तेव्हा 'पडीक' या शब्दाचा फोलपणा अनेकांच्या ध्यानी आला. 'पडीक' आणि 'अनैसर्गिक' हे दोन शब्द एकाच आईची लेकरे आहेत.

बाग आणि हवामानबदल

जार्मन हवामानशास्त्रज्ञ नव्हते आणि त्यांनी तशी भूमिकाही घेतली नाही. तथापि त्यांची बाग आज तीन दृष्टींनी अभ्यासण्यासारखी ठरते.

एक, पाण्याचा हिशेब. रखरखीत जागी तग धरणारी झाडे निवडून, गोट्यांच्या आच्छादनाखाली ओल टिकवून बाग करता येते हे तिने दाखवले. १९९० च्या सुमारास बेथ चॅटो आणि ख्रिस्तोफर लॉइड हे नामवंत उद्यानतज्ज्ञ ही बाग पाहून गेले होते. चॅटोबाईंनी पुढे एसेक्स परगण्यात, मोटारी उभ्या करण्याच्या जुन्या जागेवर, वरून पाणी न घालता वाढणारी खडीची बाग केली. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये पारा प्रथमच ४० अंशांपलीकडे गेला. तेव्हापासून हिरवळीचा हट्ट सोडून अशा बागांकडे वळण्याची गरज तेथील लोकांना अधिक जाणवू लागली आहे.

दोन, समुद्राचा हिशेब. डंजनेसचे गोटे स्थिर नाहीत. लाटा ते पश्चिमेकडून पूर्वेकडे सतत वाहून नेतात. वीजकेंद्राखालची जमीन सरकू नये म्हणून पूर्वेकडे साचलेले गोटे मालमोटारींतून पुन्हा पश्चिमेला आणून टाकण्याचे काम दशकानुदशके चालले. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची पातळी सरासरी वीस सेंटिमीटरने वाढली आहे. पहिले केंद्र २००६ च्या अखेरीस बंद झाले. दुसऱ्याची वीजनिर्मिती २०१८ मध्ये थांबली आणि ती पुन्हा सुरू होणार नसल्याचे २०२१ साली जाहीर झाले. केंद्रे थंडावली, बाग मात्र दर उन्हाळ्यात फुलते आहे. अर्थात समुद्राने मनावर घेतले तर बागही जाईल. तिला कोणतीच तटबंदी नाही.

तीन, आणि हाच खरा गाभा, शोकाचा हिशेब. जार्मन यांचे मित्र एकामागून एक जात होते. ज्या नात्याला कायदा 'नकली' म्हणतो त्या नात्यातील माणूस गेला तर रडण्याचा अधिकारही समाज मान्य करीत नाही. अशा शोकाला जागा कोठे? जार्मन यांनी ती मातीत, किंबहुना माती नसलेल्या जागेत शोधली. सँडिलँड्स यांचा या संदर्भातील विचार मननीय आहे. नाहीशा होणाऱ्या जंगलांसाठी, प्रवाळांसाठी, पक्ष्यांसाठी शोक करण्याची रीत आपल्या समाजाजवळ नाही. ज्यांना स्वतःच्या माणसांसाठी शोक करण्याची मुभा नव्हती त्यांनी मात्र तशी रीत घडवली, आणि ती इतरांना शिकता येईल. शोक विसरून पुढे जाणे आणि शोकात बुडून हात बांधून बसणे, यांच्या मधली ही वाट आहे. गेलेल्याची आठवण ठेवायची आणि रोप लावायचे.

जार्मन यांना पुढचा वसंत दिसेल याची खात्री नव्हती. तरी त्यांनी एका हंगामात संपणारीच झाडे लावली नाहीत. वर्षानुवर्षे टिकणारी लावली. शेवटी आजाराने दृष्टीही गेली. त्या अवस्थेत केलेला 'ब्लू' (१९९३) हा चित्रपट म्हणजे पडद्यावर आरंभापासून अखेरपर्यंत एकच निळा रंग आणि त्यावर केवळ आवाज. १९ फेब्रुवारी १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच दिवसांनी ब्रिटिश पार्लमेंटने पुरुषांमधील संमतीचे वय एकविसावरून अठरावर आणण्याच्या बाजूने मत दिले. आणखी दोन वर्षांनी एच. आय. व्ही. वरील परिणामकारक संयुक्त औषधयोजना आली. दोन्ही गोष्टींना त्यांच्यापुरता उशीर झाला होता.

काही आक्षेप

या बागेचे गुणगान करताना दोन आक्षेप नोंदवले पाहिजेत. एका माणसाच्या बागेने हवामानबदल थांबत नाही; त्यासाठी कोळसा आणि तेल यांचा वापर, राज्यकर्त्यांची धोरणे, श्रीमंत राष्ट्रांची जबाबदारी हे प्रश्न सोडवावे लागतात. बागेला त्यांचा पर्याय समजणे ही पळवाट होईल. दुसरे असे की, बाग प्रसिद्ध झाल्यावर तेथे लोकांची रीघ लागली. २०२० साली आठ हजारांहून अधिक लोकांच्या देणग्यांतून पस्तीस लाख पौंड जमवून हे घर आणि बाग जतन करण्यात आली. एके काळी ज्याला समाजाने दूर लोटले त्याचे घर समाज वर्गणी काढून वाचवतो, ही आनंदाची गोष्ट आहे. पण नाजूक गोट्यांवर पडणारी हजारो पावले हेही एक ओझेच आहे.

उपसंहार

वर्गात लिंगभेदाचा धडा चालू असताना पपईचे फूल सर्वांच्या हातांतून फिरते, सर्वांना त्याचे कौतुक वाटते. त्याच वर्गात मागच्या बाकावर एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी असा एक शब्द मनात बाळगून बसलेली असते, जो तिने घरी, रस्त्यावर, कधी शिक्षकांच्याही तोंडून स्वतःविषयी ऐकलेला आहे. पपईला लावत नाही तो शब्द तिलाही लावू नये, एवढे जरी शिकवणाऱ्याने ठरवले तरी डंजनेसच्या बागेचे एक रोप आपल्याकडे रुजले असे म्हणता येईल. उरलेले काम शिकणाऱ्यांचे आहे. या पावसाळ्यात सड्यावर जाल तेव्हा 'पडीक' म्हणून लिहिलेल्या जमिनीचा हातभर तुकडा नीट पाहा, त्यात काय काय उगवले आहे याची यादी करा, आणि मगच ठरवा की कुंपण कोठे घालायचे.